‘हे तर आधीच झालंय’ : एका रिमेकची परीक्षा

पेटची मुलाखत देऊन आलेल्यांचे मला मेसेज येतात. त्यात एक तक्रार हमखास असते. आराखडा बरा होता, संदर्भही पाठ होते, पण समितीतल्या कुणीतरी चष्म्यावरून बघत विचारलं, "हे काम तर आधी झालंय, तुम्ही परत कशाला करताय?" आणि पुढे तोंडातून शब्द फुटला नाही.

मला हा प्रश्न समितीच्या आधी मामांनी विचारला होता. मामा औंढा नागनाथचे. हळदीला पाणी देऊन येऊन ओट्यावर बसले होते. तेव्हा गावात एकच विषय होता, दुधाळ्याच्या शिवारात होणारा लिगो प्रकल्प. मामा म्हणाले, "बाई, तिकडं अमेरिकेत दोन हायेत म्हन्तेत. मग तीच मशीन इथं तिसऱ्यांदा कामून? अन् ती बी २६०० कोटींची?"

मी भौतिकशास्त्राची नाही, पण मैत्रिणीकडून एवढं शिकले होते, ते सांगितलं. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की गुरुत्वीय लहर येते आणि त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी फरक पडतो. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन्ही यंत्रांनी अशी लहर पहिल्यांदा टिपली. एकीकडे ती दुसरीपेक्षा सुमारे सात मिलिसेकंद आधी पोचली. या फरकावरून लहर साधारण कुठून आली ते कळतं, पण फारच साधारण. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतलं व्हर्गो सोबतीला आल्यावर एका घटनेचा आकाशातला पट्टा सुमारे १,१६० चौरस अंशांवरून ६० वर आला. यंत्राचा प्रकार तोच, फक्त उभं दुसऱ्या ठिकाणी. तिथून पहिल्या दोघांना जे दिसत नाही ते दिसतं.

मामा म्हणाले, "म्हंजे तिसरा साक्षीदार."

हा शब्द मी ढापला. माझा प्रबंध रिमेकवर आहे आणि तेव्हा माझं दुसरं प्रकरण मार्गदर्शक बाईंनी नुकतंच परत केलं होतं. समासात लिहिलं होतं, "तुम्हाला जुना आवडला हे कळलं. पुढे?" आज त्याच प्रकरणातला चित्रपट घेते. तुम्ही साहित्याचे, इतिहासाचे किंवा रसायनाचे असाल तरी वाचा, कारण आधी झालेल्या कामाशी नव्या कामाची तुलना कशी करायची हा प्रश्न तुमच्याही दुसऱ्या प्रकरणात येणारच आहे.

चित्रपट ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’. जुना १९५१ चा, रॉबर्ट वाइजचा, कृष्णधवल, ९२ मिनिटांचा. नवा २००८ चा, स्कॉट डेरिकसनचा, कियानू रीव्ह्ज आणि जेनिफर कॉनेली असलेला. गोष्टीचा सांगाडा एकच आहे. परग्रहावरून क्लाटू नावाचा माणसासारखा दिसणारा पाहुणा येतो, सोबत गॉर्ट नावाचा यंत्रमानव. उतरताच घाबरलेला सैनिक त्याच्यावर गोळी झाडतो. पाहुण्याकडे साऱ्या मानवजातीसाठी निरोप आहे, पण देशांचे पुढारी एकत्र यायला तयार नाहीत. मग हेलन नावाची बाई, तिच्या घरातला मुलगा आणि एक म्हातारा शास्त्रज्ञ यांच्याशी त्याची गाठ पडते.

आता कबुली. मी आधी रिमेक पाहिला. शाळेत असताना, मामांकडेच, केबलवर, हिंदीत डब केलेला. आणि शेवट पाहिलाच नाही, कारण लाइट गेली. तेव्हाचं लोडशेडिंग तुमच्यापैकी मराठवाड्यातल्यांना सांगायला नको. पुढे कॉलेजात शेवट पाहिला तेव्हा कळलं की शेवटी सगळ्या जगाची लाइट जाते. मी आमच्या डीपीला उगाच शिव्या घातल्या होत्या.

ही कबुली गंमत म्हणून सांगत नाही. कुठली कलाकृती आधी पाहिली, कुठल्या वयात, कुणासोबत, याचा निकालावर परिणाम होतो. रिमेकवरच्या बहुतेक परीक्षणांत लेखक बारा वर्षांचा असताना त्यानं मूळ चित्रपट पाहिलेला असतो आणि तो मनातल्या मनात त्या बारा वर्षांच्या पोराची बाजू लढत असतो. माझं उलटं झालं, पण रोग तोच. मूळ चित्रपट मोठेपणी, अभ्यास म्हणून, हातात वही घेऊन पाहिला. साहजिकच तो मला ‘अभिजात’ वाटला. वहीशिवाय पाहिलेला तो सवंग वाटला. दोन्ही पुन्हा, एकाच आठवड्यात, उलट्या क्रमानं आणि दोन्ही वेळा वही घेऊन पाहिले, तेव्हा माझी निम्मी मतं गळून पडली.

कोणती गळली? एक, ‘रीव्ह्जचा चेहरा लाकडासारखा आहे.’ आहे, पण त्याचा क्लाटू नुकताच मानवी शरीरात शिरलाय, ते शरीर त्याला परक्याच्या सदऱ्यासारखं आहे. मायकल रेनीचा जुना क्लाटू सभ्य, किंचित मिश्किल आहे, कारण त्याला लोकांत मिसळायचंय. दोघांची कामं वेगळी आहेत. दोन, ‘जुना गॉर्ट जास्त भीतीदायक होता.’ जुना गॉर्ट म्हणजे रबरी पोशाखातला सात फुटांवरचा एक माणूस, नवा संगणकावर घडवलेला, दोन-तीन मजली. पैसा आणि तंत्र यांची तुलना करून रिमेक चांगला किंवा वाईट ठरवणं म्हणजे बाइंडिंग बघून प्रबंधाला पदवी देणं. तीन, ‘अणुबॉम्बऐवजी पर्यावरण आणून विषय पातळ केला.’ हे मी पहिल्या मसुद्यात चक्क लिहिलं होतं, आज वाचताना लाज वाटते. १९५१ मध्ये कोरियात युद्ध चालू होतं, रशियानं अणुचाचणी करून दोन वर्षं झाली होती. तेव्हाची भीती ती होती. २००७ चं शांततेचं नोबेल हवामानबदलावर काम करणाऱ्या आयपीसीसीला आणि अल गोर यांना मिळालं. म्हणजे २००८ मध्ये पाहुणा कशाबद्दल बोलणार? काळ बदलल्यावर प्रश्न बदलला, तर तो रिमेकचा गुण धरायला हवा.

शिवाय मूळ मूळ म्हणतो ते तरी कितपत मूळ? १९५१ चा चित्रपट हॅरी बेट्स यांच्या १९४० च्या कथेवरून केलेला आहे. त्या कथेतली कळीची कलाटणी, म्हणजे खरा मालक यंत्रमानव असणं, चित्रपटानं सोडून दिली. इथे मला आमचं नागनाथाचं देऊळ आठवतं. खालचा भाग यादवकाळातला, काळ्या दगडाचा, कोरीव. वरचा भाग नंतरचा, पेशवाईच्या काळच्या शैलीतला. जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला म्हणतात. दर्शनाला येणारा कुणीही ‘मी खालच्या अर्ध्या देवळाला आलोय’ असं म्हणत नाही. पण तुम्ही अभ्यासक असाल तर जोड कुठे आहे ते तुम्हाला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

तर मग बोट कुठे ठेवायचं? मी बरीच भटकले आणि शेवटी एका साध्या प्रश्नापाशी आले. दोन्ही क्लाटू पृथ्वीबद्दल निष्कर्ष काढतात. ते तो कसा काढतात? संशोधन करणाऱ्या माणसाला हा प्रश्न आधी सुचायला हवा होता. मला दीड वर्ष लागलं.

१९५१ चा क्लाटू लष्करी रुग्णालयातून निसटतो आणि वॉशिंग्टनमधल्या एका साध्या खाणावळवजा घरात भाड्यानं खोली घेतो. नाश्त्याच्या टेबलावर लोक परग्रहवासीयाबद्दल बोलतात आणि तो समोर बसून ऐकतो. हेलनच्या मुलाबरोबर, बॉबीबरोबर, तो आर्लिंग्टनच्या दफनभूमीत जातो; बॉबीचे वडील युद्धात गेलेले आहेत. लिंकन स्मारकापुढे उभा राहतो. रेडिओवरच्या बातम्या ऐकतो, आणि त्या बातम्या द्यायला त्या काळचे खरेखुरे वृत्तनिवेदक चित्रपटात आणलेत. मानववंशशास्त्राच्या पोरांनो, हे सहभागी निरीक्षण आहे! मग तो प्राध्यापक बार्नहार्टच्या घरी जातो. प्राध्यापक घरात नाहीत, फळ्यावर अडलेलं गणित आहे. क्लाटू त्यात दुरुस्ती करतो. घर सांभाळणारी बाई ते पुसायला निघते, तेव्हा तो तिला थांबवतो. पुढे भेट होते तेव्हा म्हातारा विचारतो, हे तपासून पाहिलंय का? क्लाटूच्या उत्तराचा मथितार्थ असा, की एका ग्रहावरून दुसऱ्यावर यायला तरी ते पुरलं. हा प्रसंग मी आराखडा लिहिणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. समोर नवं सत्य उभं आहे, ते आकाशातून आलंय, तरी प्राध्यापकाचा पहिला प्रश्न पडताळणीचा.

२००८ चा क्लाटू राहतच नाही कुठे. तो लष्कराच्या ताब्यात असतो, मग पळत असतो, मग गाडीत असतो. त्याच्या माहितीचा मुख्य स्रोत म्हणजे मिस्टर वू. हा त्याच्याच जातीचा, ७० वर्षांपूर्वी इथे पाठवलेला, माणूस होऊन राहिलेला म्हातारा. जेम्स हाँग यांनी तो केलाय. मॅकडोनाल्ड्समध्ये दोघं मँडरिनमध्ये बोलतात. वू सांगतो की ही माणसं विध्वंसक आहेत, सुधारणार नाहीत; आणि मग सांगतो की मी मात्र परत येणार नाही, माझा यांच्यावर जीव जडलाय, इथेच मरेन. साऱ्या रिमेकमधला हा सगळ्यात चांगला प्रसंग आहे, आणि मूळ चित्रपटात याच्या तोडीचं काही नाही. ७० वर्षं क्षेत्रकार्य केलेला अभ्यासक आपला अहवाल प्रतिकूल लिहितो आणि स्वतः मात्र त्या गावातच राहतो. इथे तिसरा साक्षीदार सापडला, असं मला वाटलं होतं.

पण चित्रपट त्याला तिथेच सोडून देतो. क्लाटू अहवाल स्वीकारतो आणि निर्मूलन सुरू करतो. गॉर्ट सूक्ष्म धातूच्या कीटकांत विरघळतो आणि ती टोळधाड ट्रक, स्टेडियम, सगळं खात सुटते. यानंतर त्याचं मत बदलतं ते कशानं? बार्नहार्ट युक्तिवाद करतो की संस्कृती कड्याच्या टोकावर आल्यावरच बदलतात, तुमचीही तशीच बदलली असणार. युक्तिवाद खरंच चांगला आहे, त्याला पुरावा मागता येतो, प्रतिवाद करता येतो. त्याच घरात बाखचं संगीत ऐकून क्लाटूला काहीतरी जाणवतं. आणि निर्णय फिरतो तो शेवटी, हेलन आपल्या सावत्र मुलाला त्याच्या वडिलांच्या थडग्यापाशी मिठीत घेऊन रडते ते पाहून. ७० वर्षांच्या नोंदी एका मिठीपुढे बाद. नमुना एक. तुम्ही असा प्रबंध दिलात तर बहिस्थ परीक्षक काय म्हणतील, कल्पना करा.

कुणी म्हणेल, चित्रपट आहे, प्रबंध नाही, भावनेनं मत बदललं तर बिघडलं काय? काहीच नाही. फक्त मग हेलनला शास्त्रज्ञ कशाला केलं? जुनी हेलन, पॅट्रिशिया नील, कार्यालयात सचिव आहे. तिच्या हाती संदेशाचे तीन शब्द सोपवलेले असतात, आणि ते गॉर्टसमोर उभं राहून वेळेवर उच्चारते म्हणून पृथ्वी वाचते. नवी हेलन प्रिन्स्टनला जीवशास्त्राची अभ्यासक आहे, तीही पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीची, म्हणजे या कामासाठी जगात तिच्याहून योग्य माणूस नाही. रात्री लष्कराच्या गाड्या येऊन तिला घेऊन जातात, बाकीच्या विषयांतले तज्ज्ञही गोळा करतात. आणि नंतर? त्या तज्ज्ञांचं पुढे काही होत नाही. हेलन क्लाटूला गुंगीच्या औषधाऐवजी दुसरंच इंजेक्शन देऊन पळायला मदत करते, गाडी चालवते, विनवण्या करते, रडते. तिच्या विषयातलं एक वाक्य गोष्टीला वळण देत नाही. पद वाढवलं आणि काम काढून घेतलं. आपल्या संस्थांमध्ये हे बघितलेल्यांना जास्त समजावायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. जुन्या चित्रपटात गोळी लागते तेव्हा क्लाटूच्या हातात एक वस्तू असते. सैनिकाला ते शस्त्र वाटतं. ती मोडून पडते आणि मग कळतं की ती राष्ट्राध्यक्षांसाठी आणलेली भेट होती. तिनं इतर ग्रहांवरच्या जीवनाचा अभ्यास करता आला असता. म्हणजे पहिल्या पाच-दहा मिनिटांत आपण संशोधनाचं साधन गोळी घालून फोडलं. रिमेकमध्ये गोळी ठेवलीय, भेट काढून टाकलीय. क्लाटू हेलनशी हात मिळवायला जातो आणि गोळी लागते. कारण नवीन चित्रपटाला मुळात कुणी काही जाणून घेण्यात रस नाही.

आता माझ्यावर उलटा आरोप येईल की हिला शेवटी जुनाच आवडला. थांबा. जुन्या चित्रपटाचा शेवट मला आजही खुपतो. क्लाटू जमलेल्या शास्त्रज्ञांना सांगतो की आमच्याकडे शांतता आहे, कारण आम्ही गॉर्टसारखे यंत्रमानव पोलीस नेमलेत. आक्रमण केलं की ते शिक्षा करतात आणि त्यांचा अधिकार परत घेता येत नाही. ही शांतता मला नको. आणि तिचा चित्रपटाला अभिमान आहे! शिवाय एवढं सगळं निरीक्षण करूनही त्याचा निरोप आल्या दिवशी होता तोच राहतो. बदलतो फक्त त्याचा काही माणसांवरचा विश्वास. म्हणजे पद्धत नमुनेदार, पण निष्कर्ष आधीच बांधून आणलेला. रिमेकनं नेमकी ही खोट ओळखली. नवा क्लाटू मत बदलू शकतो. या एका बदलासाठी रिमेक करणं योग्य होतं असं मी म्हणेन. मत बदलायला सबळ कारण द्यायचं तेवढं राहिलं.

एक अवांतर. २००८ चा चित्रपट प्रदर्शित झाला त्या दिवशी, १२ डिसेंबरला, कंपनीनं तो अल्फा सेंटॉरी ताऱ्याच्या दिशेनं अवकाशात प्रक्षेपित केला. चार वर्षांच्या वर प्रवास. तिकडून परीक्षण आलेलं नाही.

यंदा उन्हाळ्यात मी दोन्ही चित्रपट लॅपटॉपवर मामांना दाखवले. मामांना इंग्रजी कळत नाही, मी शेजारी बसून सांगत होते. जुन्यात क्लाटू आपली ताकद दाखवायला दुपारी बारा वाजता जगभरची वीज बंद करतो, अर्धा तास. गाड्या थांबतात, कारखाने थांबतात, तो आणि हेलन लिफ्टमध्ये अडकतात, तिथेच तो तिला खरं सांगतो. पण दवाखाने आणि उडती विमानं त्यानं वगळलेली असतात. मामांनी मान डोलावली. म्हणाले, "शहाना हाय. आधी इचार केलाय."

मग नवा. शेवटी क्लाटू टोळधाड थांबवतो, पण किंमत म्हणून पृथ्वीवरची सगळी विजेची यंत्रं बंद पडतात. घड्याळं, गाड्या, तेलाचे पंप, दिवे. अर्ध्या तासासाठी नव्हे, पुन्हा चालू होतील असा कुठे इशारा नाही. संगीत संथ होतं, कॅमेरा वर जातो, जग वाचलेलं असतं. दिग्दर्शकाला इथे आपण सुटकेचा श्वास सोडणं अपेक्षित आहे.

मामा उठून बसले. "अन् दवाखाने?"

मी म्हटलं, दाखवलं नाही.

"मागं ने."

मागं नेलं. दोनदा पाहिलं. दवाखाना नाही, विमान नाही, पाण्याची टाकी नाही. जनरेटरवर ऑपरेशन चालू असेल त्याचं काय, शेतातल्या मोटरीचं काय, दूध थंड करायच्या टाकीचं काय, असं मामा एकेक विचारत गेले आणि मी प्रत्येकाला ‘दाखवलं नाही’ म्हणत गेले. मी हा शेवट चार वेळा तरी पाहिला असेल, टाइमकोडसकट नोंदी केल्या होत्या. प्रकाशयोजनेवर अर्धं पान लिहिलं होतं. हा प्रश्न माझ्या नोंदीत नव्हता.

१९५१ मध्ये पडद्यावरच्या परक्यानं आधी रुग्णांचा विचार केला आणि २००८ मध्ये माणसावर प्रेम बसलेल्या परक्यानं केला नाही, ही ओळ मी दुसऱ्या प्रकरणात तळटीप म्हणून घातली. बाईंनी तळटिपेला गोल केला आणि बाण ओढून वर, मुख्य मजकुरात नेला. शेजारी लिहिलं, "हे कुणी पाहिलं? त्यांचं ऋणनिर्देशात नाव घ्या."